साडेतीनकाकांची चिठ्ठी

उजव्या हाताला साडेतीन बोटं, म्हणून साडेतीनकाका. हे नाव त्यांनी स्वतःच सांगितलं, वर म्हणाले, "शहाणा समजू नका हं." पत्रे दाबायच्या प्रेसवर बावीस वर्षं काढलेला माणूस. तसल्याच एका नव्या प्रेसचं सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. आमची रीतच अशी: जो वापरणार, त्याने आमच्या शेजारी बसायचं, हवं ते चिठ्ठीवर लिहायचं. एका कीबोर्डवर दोघांनी बसून आधी टेस्ट लिहायची, म्हणजे कोड पारखणारी तपासणी, मग कोड. पास झाली की स्क्रीनवर हिरवी, नापास झाली की लाल. टेस्ट हिरवी झाल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही.

काकांची पहिली चिठ्ठी: 'हात आत असेल तर प्रेस खाली येऊ नये.'

"आधी आवाज येतो, दुखतं नंतर," ते सांगायचे. "फोरमनने हातमोजा झटकला आणि बोट खाली पडलं. माझंच, पण ओळखू येईना." सोमवारपासून त्यांची लेक त्याच कामाला लागणार होती, या नव्या प्रेसवर.

शुक्रवारी त्या चिठ्ठीची टेस्ट चाळीसदा चालवली. एकदा लाल आली.

"चाळिसात एक? बंद कर ती टेस्ट," आमचे साहेब गुरकावले.

"नको रे," कीबोर्डवरची माझी जोडीदारीण म्हणाली. मी शेपूट घातलं आणि टेस्ट बंद केली. सगळं हिरवंगार. स्वतःची किळस येते अजून.

दुपारी आमच्या शेडमध्ये, त्या नव्या प्रेसपुढे, साहेबांनी काकांना स्क्रीन दाखवला. काका रोज टेस्ट मोजायचे. "एक कमी आहे. कुणी काढली?"

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

काकांनी माझी मानगूट धरली आणि कपाळ प्रेसच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात आलं. त्याच साडेतीन बोटांनी त्यांनी माझा हात साच्यात दाबून धरला आणि पाय पेडलवर ठेवला. साहेब दाराकडे पळाले.

"सगळं हिरवं आहे ना? मग घाबरतोस कशाला?"

"लाल आहे! काका, लाल आहे!"

पाय निघाला. काकांनी माझा हात सोडला. "माझी लेक अशी ओरडली असती, तर तुला ऐकू आलं असतं का रे?"

तक्रार मी केली नाही. भुवईला पट्टी लावून टेस्ट पुन्हा चालू केली. प्रेस कारखान्यात पाठवणार नाही, असं मी आणि जोडीदारिणीने साहेबांना तोंडावर सांगितलं. त्यांनी टेबलावरचं सगळं भिरकावून दिलं, पण प्रेस हलली नाही. चूक सापडायला नऊ दिवस लागले. टेस्ट चाळीसच्या चाळीस वेळा हिरवी आली तेव्हा मी आपणहून साच्यात हात ठेवला. काकांनी पेडल दाबलं. प्रेस वरच थांबली.

"अजून एकोणचाळीस," काका म्हणाले.