कंट्रोलच्या कापडाचे अंगठे

येडशी स्टेशनापासून दोन-अडीच कोसांवर, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका गावात मला मास्तर म्हणून पहिली नोकरी लागली. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्यांची नातवंडं तिथं नांदत असतील, त्यांचा यात काही दोष नाही. राज्य निजामाचं होतं, महायुद्ध संपत आलं होतं, आणि शाळा म्हणजे चावडीची एक बाजू. मी एकटाच मास्तर, वय जेमतेम वीस.

एके दिवशी तालीमात, म्हणजे शिक्षण खात्याचा उर्दू हुकूम आला. गावाला दुसरा मास्तर आणि नवी इमारत मिळणार होती. पण आधी गावानं सगळा बेत लिहून पाठवायचा होता. जागा कुठली, शाळेची वेळ कोणती, गाव काय मदत करणार, शाळेत मुलं वाढावीत म्हणून काय करणार. शेवटी एक कलम होतं: हा बेत गावातल्या सर्व थरांतल्या लोकांना विचारून करावा आणि त्यांची संमती जोडावी.

ते कलम मी तीन वेळा वाचलं. सरकारनं गावाला काही विचारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी आनंदानं पाटलांकडं गेलो आणि दवंडी द्या म्हणालो.

दवंडी झाली नाही. बैठक पाटलांच्या ओसरीवर झाली. पाटील, पटवारी, किराण्याचे व्यापारी अप्पा आणि मी असे चौघं होतो. चहा येऊन बशा रिकाम्या होईपर्यंत बेत ठरला. जागा मारुतीच्या देवळामागची, कारण ती पाटलांच्या वाड्याला लागून होती. वेळ अकरा ते पाच. दगड अप्पा देणार.

"देवळामागं महारवाड्यातली पोरं कशी येतील?" मी विचारलं.

"आता कुठं बसत्यात?" पाटलांनी विचारलं.

ती पोरं चावडीच्या पायरीखाली, लिंबाच्या झाडाखाली बसत होती. मीच बसवत होतो. पहिल्या दिवशी मला तसं सांगण्यात आलं आणि मी ते ऐकलं होतं.

"तितंबी बाहेरच बसतील की," पाटील म्हणाले. "त्यात काय न्हाय."

"आणि धनगरांची पोरं? अकरा वाजता ती मेंढरामागं रानात असतात. मुलींचंही..."

"मास्तर, तुम्ही लई इचार करता," पटवारी हसले. "तुम्ही मसुदा लिहा. संमतीचं मी बघतो."

मी मसुदा लिहिला. चांगल्या वळणदार अक्षरात लिहिला. आठवड्यानं पटवाऱ्यांनी त्याला जोडलेला कागद दाखवला. निळ्या शाईच्या अंगठ्यांच्या रांगाच्या रांगा, प्रत्येकापुढं नाव. महारवाड्यातली होती, धनगरवस्तीवरची होती, बायकांचीसुद्धा होती. मला खरंच वाटलं की माणूस बोलायला कडक असला तरी घरोघर फिरून आला. आज हे लिहितानाही त्या भोळेपणाचा राग येतो.

दोन दिवसांनी महारवाड्यातला एक म्हातारा शाळा सुटल्यावर पायरीपाशी येऊन उभा राहिला. त्याचा नातू माझ्याकडं पहिलीत होता.

"मास्तर, एक इचारू का? कंट्रोलचं कापड कवा यायचं?"

"कसलं कापड, बाबा?"

"पटवाऱ्यानं अंगठं घेतलं न्हवं का? घरटी चार वार लुगड्याचं कापड येणार म्हणला. सून रोज इचारती."

युद्धामुळं कापड कंट्रोलवर, म्हणजे सरकारी वाटपावर गेलं होतं आणि तेही मिळत नव्हतं. बायका एकाच लुगड्यावर दिवस काढत होत्या. त्या अडचणीवर बोट ठेवून त्या माणसानं अंगठे गोळा केले होते. आणि ते अंगठे कुठं लागले होते? स्वतःच्याच पोरांना दाराबाहेर बसवायच्या कागदाला!

म्हाताऱ्याला मी ते सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. पायरीवर बसायची त्याला सवय नव्हती, तो खाली मातीत बसला.

"म्हंजी आमी व्हय म्हणलो," तो म्हणाला, "आन् आमालाच ठावं न्हाय."

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की कोरा कागद घेऊन फिरू लागलो. जे आधीच करायला हवं होतं ते. धनगरवस्तीवर गेलो तर एक कर्ता माणूस म्हणाला, "सकाळी लवकर भरवा शाळा. मेंढरं उन्हं वर आल्यावर सुटत्यात. तवर पोरं बसतील." इतकी साधी गोष्ट! वर्षभर मी त्या पोरांना आळशी समजत होतो. महारवाड्यातल्या बायका म्हणाल्या, जागा कुठलीबी घ्या, पण पोरं एकाच दारातनं आत जाऊ द्या.

खुरपायला जाणारी एक विधवा बाई तर मला शोधत आली. तिचा मुलगा सोलापूरच्या गिरणीत होता.

"त्याचं पत्र आलं की पटवाऱ्याकडं जावं लागतं," ती म्हणाली. "त्यो चार माणसांत मोठ्यानं वाचतो. आजारी हाय, बायकू रुसली, समदं गावाला कळतं. माझ्या पोरीला वाचाया शिकवा. लिहा तुमच्या कागदावर."

मी लिहिलं. ज्यानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिलं, वाचून दाखवलं आणि मगच अंगठा घेतला.

पंधरा दिवसांनी खात्याचे नाझर साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, पाहणीला आले. उतारवयाचे, शेरवानीतले, हळू बोलणारे गृहस्थ. चावडीत सतरंजी घातली होती. पाटलांनी कागद पुढं केला. साहेबांनी अंगठ्यांवरून नजर फिरवली आणि खूश होऊन म्हणाले, "माशाल्ला, पूरे गाँव ने दस्तख़त किए हैं."

मी उभा राहिलो. हे अंगठे कंट्रोलच्या कापडासाठी म्हणून घेतलेत, असं मोडक्या उर्दूत सांगितलं आणि माझा कागद पुढं ठेवला.

पटवारी उठून ओरडले, "खोटं हाय साहेब! मास्तर पोरगेला हाय, त्याला कुणीतरी चिथावलंय."

साहेबांनी हात वर केला. "किसी एक को बुलाइए."

बोलवावं लागलंच नाही. ती विधवा बाई चावडीच्या बाहेर, इतर बायकांसोबत उभी होती. पदर डोक्यावर ओढून ती दोन पावलं पुढं आली. "माझा अंगठा हाय त्यात," ती म्हणाली. "कापड दावा, न्हायतर अंगठा माघारी द्या."

मी भाषांतर केलं. साहेबांनी दोन्ही कागद घडी करून शेरवानीत ठेवले आणि पाटलांच्या घरचं जेवण न घेता येडशीची वाट धरली.

मला वाटलं, जिंकलो. तीन महिन्यांनी हुकूम आला. जागा देवळामागचीच मंजूर झाली, कारण दगड तिथं येऊन पडले होते. वेळ अकरा ते पाचच. मुलींचा उल्लेख नाही. पटवाऱ्याला साधी ताकीदसुद्धा नाही. फक्त एक ओळ नवी होती: सर्व जातींची मुलं इमारतीच्या आत बसतील. आणि वेगळ्या पाकिटात माझी बदली, भूम तालुक्यात, ईटच्या बाजूला.

जायच्या आधी मी एवढंच केलं. त्या ओळीची मराठीत चार वेळा नक्कल केली आणि महारवाड्यात नेऊन दिली. विधवेच्या मुलीला उरलेल्या दिवसांत रोज संध्याकाळी अक्षरं शिकवली. जोडाक्षरं राहिली ती राहिलीच.

पुढचं मला त्या शाळेवर आलेल्या नव्या मास्तरानं पत्रानं कळवलं. इमारत उघडली त्या दिवशी म्हातारा नातवाला घेऊन दारात उभा राहिला, हातात माझी नक्कल. नाझर साहेब हजर होते म्हणून कुणाला अडवता आलं नाही. पोरं आत बसली. दुसऱ्या दिवशी पाटलांनी आपल्या घरची मुलं काढून घेतली, त्यांच्यामागं बाकीचं गावही गेलं. महिनाभर त्या नव्या इमारतीत महारवाड्यातली पोरंच शिकत होती. मग एकेक करून बाकीची परत आली, शेजारच्या गावची शाळा लांब पडत होती म्हणून. कुणाला उपरती झाली म्हणून नव्हे.

धनगरांची पोरं मात्र आली नाहीत. अकरा वाजता ती रानातच असायची. शाळा सकाळी लवकर भरवायला कुणाचं काय जात होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.