गालिच्यांच्या दुकानातली शाळा

अमेरिकेत न्यूअर्क विमानतळावर उतरले आणि गाडीतच मंदारने, माझ्या मुलाने, सांगून टाकलं, "आई, ईराची शाळा चेंज करतोय." कारण विचारलं तर म्हणे, आधी आयसेलिनला, तिथल्या देशी वस्तीत, मिसळ खाऊ. मिसळीतलं फरसाण गोड होतं. माझं डोकं तिथूनच फिरायला लागलं.

दुसऱ्या दिवशी नातीबरोबर तिच्या शाळेत गेले. ही चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र कारभाराने चालणारी बिनफीची शाळा) गालिच्यांच्या जुन्या दुकानात भरते. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवल्याच्या तोऱ्यात मी थेट वर्गाकडे निघाले, तर ऑफिसातल्या डोनाबाईंनी अडवून पदरावर पाहुण्याचा स्टिकर लावला. सिल्कवर तो टिकेना. दोनदा पडला.

"आम्ही सात पालकांनी चर्चच्या तळघरात सुरू केली ही शाळा," त्या सांगत होत्या. "सरकार पैसे देतं मुलांच्या संख्येवर. इमारतीला काहीच नाही, भाडंही त्यातूनच. आणखी चार मुलं गेली तर पुढचं वर्ष दिसणार नाही."

इथे आली तेव्हा ईरा शाळेत तोंड उघडत नव्हती. आता तीच मला हाताला धरून ओढत होती, "आज्जी, कम! माय क्लास!"

आणि हिला इथून काढणार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी जेवताना मंदारला विचारलं, "किती घरं काढतायत मुलं?"

"चार. आपला सगळा ग्रुप. अगं, नव्या शाळेचं रेटिंग दहापैकी नऊ आहे, हिचं सहा."

"कृतघ्न आहात मेले! पोरीला बोलतं कुणी केलं, रेटिंगने? पट घसरला की शाळा कशी मरते ते मी पाहिलंय. आपल्या गावातल्या मातब्बरांनी एकेक पोर काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या जीपमध्ये बसवलं, आणि माझी शाळा बंद पडली!"

मंदार शांतपणे पोळी मोडत म्हणाला, "आई, त्या जीपमध्ये सगळ्यात आधी मी बसलो होतो. तूच बसवलं होतंस."



मी परत निघाले त्याच आठवड्यात मंदारने ईराचं नाव शाळेतून काढलं. विमानतळावर मंदार पाया पडला, तेव्हा आशीर्वाद दिला, पण राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही.

गावी एसटी स्टँडवरून घरी जायचा रस्ता माझ्या बंद शाळेवरून जातो. रिक्षावाल्याला मी मागच्या रस्त्याने घ्यायला सांगितलं.