घासलेली नाणी

त्या चोरीचा तपास मी विसरलेलो नाही, आणि तिचा रागही अद्याप गेलेला नाही.

दोन हजारचे दशक होते. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या पोलीस ठाण्यात मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. एका वृद्ध निवृत्त शिक्षकाच्या कपाटातून चांदीची जुनी नाणी गेली. हजार वर्षांपूर्वीची, इंग्लंडातली. हातोड्याने ठोकून घडवलेली, नखासारखी पातळ. एका बाजूस राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूस क्रूस. कुलूप शाबूत होते. घरात वावर दोघांचाच: साफसफाई करणारी, सामोआ बेटांवरून आलेली बाई आणि भाडेकरू, पुण्याचा एक इंजिनिअर. जबाबात इंजिनिअरने न विचारता बाईचे नाव घेतले. तिच्या कंपनीने तिला तत्काळ कामावरून काढले.

नाण्यांचे फोटो आम्ही विक्रेत्यांना पाठवले होते. पुढे अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून एका नाणेविक्रेत्याचा फोन आला.

"तुमच्या फोटोंतली नाणी माझ्याकडे आली आहेत. पण ही चकाकतात. कोणत्या मूर्खाने घासली?"

विकणाऱ्याचा चेहरा त्याला आठवत नव्हता. मात्र त्याचा प्रश्न योग्य होता. जुन्या नाण्यावरचा काळपटपणा संग्राहक जिवापाड जपतो. मी भिंग लावले. क्रूसाच्या खाचांत पांढरी भुकटी अडकली होती. ती मी लहानपणापासून ओळखत होतो.

इंजिनिअरला ठाण्यावर बोलावले, हक्क वाचून दाखवले, टेप सुरू केली.

"काका, आपण एकाच गावचे. त्या बाईला सोडून माझ्यामागे कशाला?"

"इथे मी काका नाही. दिवाळीला घरची चांदी कशाने उजळता?"

तो हसला. "रांगोळीने. आई तेच करते. निरांजन हीप्स चमकतं, एकदम लखलखीत."

मी नाणे आणि भिंग त्याच्यापुढे सरकवले. त्याचे हसू गेले.

"काळी पडली होती," तो अखेर म्हणाला. "चकचकीत केली तर जास्त भाव येईल असं वाटलं."

"आणि ती बाई?"

"तिचं कोण ऐकणार होतं, सर?"

त्याच्या खोलीच्या झडतीत रांगोळीचा डबा मिळाला. नाणी परत केली. राजाचे नाक-डोळे पुसले गेले होते. शिक्षकांनी नाण्यांची पेटी मिटली. न्यायालयात इंजिनिअरने न्यायाधीशांची माफी मागितली, शिक्षकांची मागितली. बाई मागच्या बाकावर बसली होती. तिच्याकडे त्याने वळूनही पाहिले नाही. कंपनीनेही तिला परत बोलावले नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक चोरीत मी पहिला प्रश्न एकच विचारला: संशयिताचे नाव सर्वांत आधी कोणी घेतले?