पाचव्या 'का'चं उत्तर

समस्त उद्योगजगतास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, चाकणच्या एका कारखान्यातला, वय वर्षे एक्कावन्न, दोन्ही गुडघे कामातून गेलेला फिटर आजपासून रोजनिशी लिहिणार आहे.

डाय बनवणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवरची माझी ही पहिली नोंद. दहा मिनिटांत एका इंजिनिअरचं उत्तर आलं. "काका, हा प्रोफेशनल ग्रुप आहे. फिटरनी हातोडी चालवावी." खाली हसऱ्या तोंडांची रांग. त्या रांगेत आमच्याच प्रॉडक्शनच्या साहेबांचंही तोंड.

अपमान हा जुना पाहुणा. त्याला बसायला पाट दिला आणि लिहीत राहिलो. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. सव्वीस वर्षं तेच दुरुस्त करतोय. निगडीला परतताना कंपनीच्या बसमध्ये रोज चार ओळी. आज कुठला साचा रुसला, त्याला कसं समजावलं. हळूहळू लोक विचारू लागले, "काका, आमचा पण बघा ना."

मग एका मंगळवारी गाडीभर माल परत आला. पार्ट तडकलेले. अशा वेळी आमच्याकडे एक कागद भरतात. पाच वेळा 'का' विचारायचं, मूळ कारण गाठायचं. पाचव्या 'का'चं उत्तर मी आजवर एकच पाहिलंय. ऑपरेटरचा निष्काळजीपणा. या वेळी ऑपरेटर होती कल्पना. परभणीची, कंत्राटावरची. कागदावर सही झाली की तिचा गेटपास बंद.

माझ्या रोजनिशीत मात्र सोमवारची नोंद होती. साचा झिजलाय, चालवू नका म्हणालो. वरून हुकूम आला, चालवा.

माल घेणाऱ्या कंपनीचे लोकही तो ग्रुप वाचतात. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. उभं ठेवलं. माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणूस.

"ती नोंद काढून टाक. तू काय लेखक आहेस का रे?"

खरं सांगतो, थकलो होतो. एक बोट लावायचं काम. असल्या कागदांवर मी पूर्वी सह्या केल्यात. ज्यांची नोकरी गेली, त्यांची नावं अजून पाठ आहेत. काचेपलीकडे कल्पना उभी होती, हातमोजे काढून, दोन्ही हातांत घट्ट धरून. आणखी एक नाव पाठ करायची ताकद माझ्यात नव्हती.

मोबाइल खिशात टाकला. विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं, "नोंद राहणार, साहेब. हुकूम कुणाचा होता ते लिहायचं राहिलंय. तेवढं आज लिहितो."