तळ्याचं पाणी

अण्णाच्या तेराव्याचा मांडव काल सोडला. ओल्या ताडपत्रीचा वास आला आणि तळ्याकाठचा तो तंबू आठवला.

एकतीस सालची गोष्ट. डोंगरातल्या देवाच्या तळ्याकाठी मास्तरांबरोबर दोन दिवस तंबूत राहायचा बेत आम्ही मुलं वर्षभर करत होतो. भरती धरून होडीने खाडीच्या टोकाला गेलो. पुढे दीड कोस चढ. तंबू तिथल्या महारवाड्यातल्या गोविंदने डोक्यावर घेतला. तळ्याशी पोचल्यावर घामाने निथळत तो म्हणाला, "मास्तर, वाईच पानी घाला."

"घरी जाऊन पी. देवाचं तळं बाटवायचंय काय?"

माझा थोरला भाऊ अण्णा म्हणाला, "त्याच्या डोक्यावरून आलेल्या तंबूत निजणार ना, मास्तर?"

"कापडाला विटाळ नसतो. शहाणपणा पुरे!"

अण्णाने आपला तांब्या भरून गोविंदच्या हातात दिला आणि उरलेलं पाणी स्वतः प्याला. मग वळकटी उचलली. "बाळ, चल. पाणी उतरायच्या आत होडी गाठू."

मी हललो नाही. बेताचा विचका केला म्हणून अण्णावर दातओठ खात राहिलो. ते दोघं उताराला दिसेनासे झाल्यावर तळ्यात उतरलो आणि पोटभर प्यालो.

अण्णाने जन्मभर तो विषय काढला नाही. एकदा तरी शिव्या घालायच्या होत्यास रे! त्या पाण्याची गोडी अजून जिभेवर आहे, आणि ती थुंकून टाकता येत नाही.