उलटी टांगलेली मशीनगन

ऑर्व्हल ट्रास्कने तीस वर्षं ठोकलेल्या गाड्या रंगवल्या. गाडी कुठे ठोकली होती हे तिच्या मालकालाही पुन्हा सापडू नये, हा त्याचा एकमेव गर्व. देवावर त्याची श्रद्धा बेताची होती, सँडपेपरवर पूर्ण.

निवृत्तीनंतर गावच्या माजी सैनिकांच्या हॉलने त्याच्या गॅरेजात एक जुनी मशीनगन आणून टाकली. सरकारी नियमाने तिचे तीन तुकडे झाले होते. वेल्डरने ते जोडून, नळी बुजवून, नुसती दाखवायची वस्तू केली होती. ऑर्व्हलने जोडाचे वळ लपवायचे आणि रंग द्यायचा. गन युद्धकाळात गावच्याच कारखान्यात बायकांनी बनवलेली. त्यांत त्याची आई एडनाही होती. हॉलच्या भिंतींवर फोटो मात्र सगळे पुरुषांचे. आईच्या हातचं काहीतरी तिथे असावं असं ऑर्व्हलला फार वाटे. कमिटीची अट होती: आईबरोबर रंगखात्यात असलेल्या विनी पाश्को यांनी "ही आमचीच" असं लिहून दिलं तर काचेचं कपाट, नाहीतर तळघर.

एक्क्याऐंशी वर्षांच्या विनीबाईंना दिसायचं कमी. त्यांनी गनवरून अंगठा फिरवला.

"छान आहे रे. पण आमची नव्हे."

"का हो, विनीमावशी?"

"गुळगुळीत आरसा झालाय! आम्ही काय लग्नाला पाठवत होतो? तारेला टांगायचो, फवारा मारायचो, की पुढची. तार टेकते तिथे रंग लागत नाही. तुझा डाग कुठाय?"

डाग न ठेवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने रंग खरवडला, गन तारेला टांगली आणि एकच बिनचकाकीचा काळा हात दिला. तारेखाली ठिपका उघडा राहिला. हात सारखा ब्रशकडे जाऊ लागला, तेव्हा त्याने ब्रश शेजाऱ्याला देऊन टाकला.

विनीबाई पुन्हा आल्या. अंगठा जोडांवरून सरळ गेला आणि नळीच्या टोकाशी थांबला.

"डाग आहे. पण भलत्या टोकाला. जाड टोक वर असायचं. तू उलटी टांगलीस."

ऑर्व्हलचा चेहरा पडला. "सवय, मावशी. लहानपणी आईबरोबर खुर्चीचे पाय रंगवायचो. ती म्हणायची, निमुळतं टोक वर ठेव, ओघळ जाड बाजूला जातो, कुणाच्या नजरेत भरत नाही."

विनीबाई स्टुलावर बसल्या.

"अख्ख्या खात्यात एकच बाई उलटं टांगायची. मुकादम रोज ओरडायचा. ती रोज 'हो साहेब' म्हणायची आणि पुन्हा उलटंच टांगायची."

ऑर्व्हलला रडू आलं. गॅरेजात थिनरचा वास होताच, त्यामुळे कारण द्यावं लागलं नाही.

"कमिटीचा कागद आण," विनीबाई म्हणाल्या. त्यांनी 'ही आमचीच' लिहिलं, थोडा विचार करून 'आमचीच' खोडलं आणि वर लिहिलं, 'एडनाची'.

अकरा नोव्हेंबरला, माजी सैनिकांच्या दिवशी, गन कपाटात गेली. कमिटीने डाग भिंतीकडे केला होता. ऑर्व्हल आयुष्यात पहिल्यांदा भांडला आणि तो लोकांकडे करून घेतला.