खोऱ्यावरचं झाकण

“हा फोटो आहे की ताकाची वाटी?”

साहेबांनी लाइट टेबलवरच्या, खालून उजेड पडलेल्या फिल्मवर बोट ठेवलं. आमचे साहेब चिडले की त्यांचा आवाज खाली जायचा. त्या दिवशी तो इतका खाली गेला होता, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

मी विमानातून जमिनीचे फोटो काढायचो. त्याला एरियल सर्व्हे म्हणतात. डाकोटा विमानाच्या पोटाला भोक पाडलेलं आणि त्यात मोठ्या पातेल्याएवढा कॅमेरा सरळ खाली तोंड करून बसवलेला. शेतात नांगर फिरतो तसं विमान एका रेषेत जातं, वळतं, शेजारच्या रेषेने परत येतं. अशा एका रेषेला आम्ही ‘रन’ म्हणायचो. या फोटोंवरून पुढे नकाशे होतात. ही गोष्ट साठच्या दशकातली. पवनेवर धरण बांधायचं घाटत होतं. पाणी कुठवर चढेल आणि त्यात कोण बुडेल, ते आमच्या फोटोंवरून ठरायचं होतं.

सगळं खोरं झकास आलं होतं. फक्त एक उतार प्रत्येक वेळी पांढरा.

“शनिवारी विमान दुसऱ्या कामावर जातंय,” साहेब म्हणाले. “तोवर हा तुकडा आला नाही, तर तिथे जुना नकाशा घ्या.”

“जुन्या नकाशात काय आहे तिथे?”

“काही नाही. उघडा डोंगर.”

मी मूळचा तळेगावचा. होळीच्या पुढे मावळात धूर दिसला की आम्हाला विचारावं लागत नाही. राब भाजतायत. भाताचं किंवा नाचणीचं रोप टाकायची जी जागा, तिच्यावर शेण, पाला, गवत आणि वर माती असे थर रचायचे आणि पेटवून द्यायचे. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमदार येतं. प्रत्येक घराचा आपला राब.

पण नुसत्या राबाने एवढा फोटो बिघडत नाही. खरा घोटाळा हवेचा असतो. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते. मावळात त्या दिवसांत रात्री मात्र चांगलंच गारठतं, आणि सकाळी खोऱ्याच्या तळाशी गार हवा साचून तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. धूर सरळ वर चढतो, त्या थराला टेकतो आणि आडवा पसरतो. आमच्या भाषेत इन्व्हर्जन. मी त्याला झाकण म्हणायचो. ऊन तापलं की झाकण मोडतं, म्हणून आम्ही दहाच्या पुढेच फोटो काढायचो. तोवर बाकीचं खोरं मोकळं व्हायचं. हा एक उतार तेवढा धुमसत राहायचा.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात किडा होऊन बसली होती. पहिल्या रनला तिथे एखाद-दुसरा धूर असायचा. आम्ही वळून परत येईपर्यंत त्याचे दहा-बारा व्हायचे. पायलटला सांगितलं, तर तो म्हणाला, “तुला ओवाळतायत.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसची जीप घेतली आणि सोमाटण्यावरून आत वळलो. रस्ता संपला तिथून डोंगर चढायला लागलो. डोकं तापलेलंच होतं. सरकारी कामात अडथळा वगैरे शब्द तोंडात तयार ठेवले होते.

वाडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसलीच नाही. गवताने शाकारलेल्या झोपड्या आणि भोवती तसंच वाळलेलं गवत. एका झोपडीतून पन्नाशीची एक बाई बाहेर आली. हात कोपरापर्यंत राखेने माखलेले. तिने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. नाव ठमामावशी.

“मावशी, मी विमानातून फोटो काढतो,” मी म्हणालो.

तिचा चेहरा एकदम उजळला. “तुमीच व्हय ते? मंग दिसलो का आमी?”

मी उलट विचारलं, “विमान आलं की तुम्ही जाळ का करता?”

“जाळ न्हाई केला तर दिसायचं कसं तुमाला? मागं येक मोजणीवाला आलता. त्यानं कागद पसरला आन म्हनला, हितं वाडीच न्हाई. म्या म्हनलं, मी हुबी हाय न्हवं तुज्यापुढं? तर म्हनला, नकाशात न्हाई. खालच्या गावास्नी धरणापायी दुसरीकडं जमिनी देनार म्हनत्यात. पानी आमच्या दारात येनार. मंग आमाला कोन देनार? आमी तर न्हाईच.”

विमान यायला लागलं, तसा वाडीने विचार केला. आवाज ऐकला की ज्याने त्याने आपला राब पेटवायचा. धूर जास्त व्हावा म्हणून वरून हिरवा टहाळा टाकायचा. सरकारला वरून कळू दे, हितं माणसं हायेत.

माझे सरकारी शब्द घशातच राहिले. मी म्हणालो, “मावशी, त्या धुरानेच तुम्ही झाकले जाताय. मला वरून नुसता धूर दिसतो.”

ती खाली बसली. तिने राखेने माखलेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, “म्हंजी आमीच आमाला पुसत हुतो?”

“अजून एक फेरी आहे. उद्या काही पेटवू नका. चूलसुद्धा सकाळी लवकर विझवा. विमान आलं की नुसतं बसा.”

“नुसतं बसल्यावर दिसन?”

“दिसेल.”

इंजेक्शन न देणाऱ्या डॉक्टरकडे पाहावं, तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

शुक्रवारी शेवटची फेरी. ऑक्सिजनचा मास्क लावावा लागेल एवढे वर गेलो होतो. कॅमेरा तयार करून मी खिडकीतून बाहेर पाहिलं. ही नोकरी मी पुढे कितीतरी वर्षं केली, पण त्या सकाळसारखं दुसरं काही पाहिलं नाही. पश्चिमेला कोकणावर धुरकट हवा भरून आली होती, आणि ती सगळी सह्याद्रीच्या कड्याला येऊन थांबली होती. खंडाळ्याच्या बाजूला ती घाटाच्या ओठावरून हळूहळू अलीकडे सांडत होती. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना उन्हात लख्ख उभे होते. डोक्यावरचं आकाश नेहमीचं निळं नव्हतं, काळपट निळं होतं. आपण ज्याला आकाश म्हणतो, तो फिका निळा रंग खाली राहिला होता. क्षितिजावर त्याची एक पट्टी दिसत होती. दुधावर साय असते तेवढीच. ढग, पाऊस, वारा, राबाचा धूर, माझ्या आईचा श्वास, सगळं त्या सायीत. तिच्यावर काही नाही. मला भीती वाटली, आणि हात जोडावेसेही वाटले. मी जोडलेही. पायलट हसला नाही.

मग खाली पाहिलं. उतार मोकळा होता. एकही धूर नव्हता. मी बटण दाबलं.

फिल्म धुतल्यावर साहेबांनी भिंग लावलं. “स्वच्छ आलाय. पण तुम्ही सांगितलेली वाडी कुठाय? गवतच आहे सगळं.”

छपरं गवताची, डोंगर गवताचा. फोटो काळापांढरा. दोघांचा रंग एकच.

“हे काळे डाग कसले?” साहेबांनी विचारलं. “वणवा लागला असेल.”

मी पाहिलं. उतारावर छोटे छोटे काळे तुकडे, कडा सरळ.

“साहेब, वणवा चौकोनी नसतो,” मी म्हणालो. “ते राब आहेत. ज्याचं घर, त्याचा राब.”

साहेबांनी शेजारचा फोटो ओढला आणि दोन्हींवर स्टिरिओस्कोप ठेवला. हे दोन भिंगांचं साधं यंत्र. जरा वेगळ्या जागेवरून घेतलेले दोन फोटो त्यातून बघितले, की सपाट कागदावर डोंगर उठून उभा राहतो. साहेबांचा आवाज खाली गेला, पण या वेळी चिडून नव्हे.

“प्रत्येक चौकोनाशेजारी एक उंचवटा आहे. छपरं आहेत ही.”

त्यांनी फोटोवर टाचणीने एकेक घर टोचून नकाशावर घेतलं. पुढे पाणी आलं तेव्हा वाडीला वरच्या पठारावर जागा मिळाली. मनासारखी नव्हती, पण मिळाली.

त्याआधी एकदा मी दोन फोटो आणि घडीचा स्टिरिओस्कोप घेऊन डोंगर चढलो. ठमामावशीने डोळे लावले आणि दचकून मागे सरकली. मग परत वाकली.

“आमचा डोंगर हुबा ऱ्हायला. आन मी कुटं हाय?”

“माणूस दिसत नाही एवढ्या उंचीवरून. हा काळा चौकोन दिसतोय ना? तो तुमचा राब. त्या राखेमुळे घरं सापडली.”

तिने भिंगाखाली बोट नेलं आणि त्या चौकोनावर ठेवलं.

“मंग जाळल्यालं वाया न्हाई गेलं.”

तेव्हापासून फोटो पांढरा आला, की मी हवेला शिव्या द्यायचो नाही. आधी खाली जाऊन बघायचो, कोणी हाक मारत नाही ना.